नारंगी कुठे?

टेस्टरकाकांचा स्वतःच्या टेस्टरवरसुद्धा विश्वास नव्हता. शर्टाच्या खिशाला कायम अडकवलेला तो पिवळ्या मुठीचा टेस्टर ते आधी चालू सॉकेटमध्ये घालून बघत. आतला दिवा लागला, म्हणजे टेस्टर धड आहे. मग ज्या तारेला हात लावायचा, तिला टेकवून बघत. तिथे दिवा लागला नाही तरी त्यांचं समाधान होत नसे. मधल्या वेळात टेस्टरनेच मान टाकली असेल तर? म्हणून पुन्हा चालू सॉकेट. एवढी सगळी उलटतपासणी झाल्यावर कुठे त्यांचा हात तारेला लागायचा, आणि तोही तळव्याच्या मागच्या बाजूने.

वीज कंपनीत खांबांवर चढण्यात त्यांचा जन्म गेला. टेस्टर हे नाव सोबतच्या वायरमननी ठेवलं. ते कामावरून घरापर्यंत आलं, गल्लीत पसरलं, आणि आता बायकोसुद्धा रागावली की त्याच नावाने उद्धार करायची. नाव चुकीचं होतं असं कुणीच म्हणणार नाही. काका माणसांनाही टेस्टर लावून बघत. फळवाल्याने टोपलीच्या वरची फळं दिली की हे खालची मागायचे, आणि खालची दिली की म्हणायचे, "का? वरच्यांत काय लपवलंय?" दाराला कुलूप घातलं की ओढून बघायचे. जिन्यावरून परत येऊन ओढायचे. कधी कधी रस्त्याच्या कोपऱ्यावरून परत यायचे. "कुलूप तुटेल एक दिवस तुमच्या ओढण्याने," असं बायको म्हणायची, त्यावर काकांचं उत्तर ठरलेलं, "तुटलं तर कच्चं होतं. बरं झालं, कळलं."

हसण्यावारी नेण्यासारखं होतं, पण ते सगळंच हसण्यावारी नेता येणार नाही. तरुणपणी काका आणि त्यांचा जोडीदार एका खांबावर काम करत होते. जोडीदार वर होता, काका खाली. खालच्या फ्यूजच्या पेटीपाशी उभ्या असलेल्या माणसाने विचारल्यावर "बंद आहे, बंद आहे" असं सांगितलं. सांगणारा काही वाईट माणूस नव्हता. त्याला खरंच वाटत होतं की बंद आहे. पण मधल्या वेळात दुसऱ्या कुणीतरी फ्यूज परत बसवला होता. जोडीदार गेला. काकांनी त्याला खाली उतरवला, आणि त्या दिवसापासून ते कामाला लागायच्या आधी फ्यूज स्वतः उपसून काढत आणि स्वतःच्या पँटच्या खिशात घालत. काम संपेपर्यंत तो खिशातच. ज्याचा हात तारेवर, त्याच्याच खिशात फ्यूज. मग जगात कुणी कितीही मूर्ख असो, लाइन चालू होणार नाही. धुवायच्या कपड्यांत बायकोला बऱ्याचदा फ्यूज सापडायचे. बाकीच्या बायकांना नवऱ्याच्या खिशात काय काय सापडतं, त्या मानाने आपलं बरं, असं ती शेजारणीला सांगायची.

त्यांना एकच लेक. घरात सगळे तिला भिंगरी म्हणत, कारण ती एका जागी बसलेली कुणी पाहिली नव्हती. तिला वाढवतानाही काकांनी टेस्टर खाली ठेवला नाही. "दात घासले" असं ती म्हणाली की हे जाऊन ब्रश ओला आहे का ते बघायचे. "तोंडावर विश्वास ठेवायचा नाही बाळा," ते समजावायचे. "कुणाच्याच. हात लावून बघायचं." भिंगरीने यातून चटकन धडा घेतला आणि दात न घासता ब्रश ओला करायला सुरुवात केली. तेही काकांनी पकडलं. पण गंमत अशी की ज्या पोरीवर त्यांनी आयुष्यभर नजर ठेवली, तिने आपल्या बापावर मात्र कधी शंका घेतली नाही. बाबा म्हणाले म्हणजे तसंच. आईने काही सांगितलं तर ती चार ठिकाणी विचारून यायची, पण बाबांचा शब्द तिला पुरायचा.

तर ही भिंगरी विद्यापीठात शिकायला गेली आणि एक दिवस घरी येऊन म्हणाली, "बाबा, आम्ही शर्यतीची गाडी बनवतोय. विजेवर चालणारी."

काकांनी हातातला घास खाली ठेवला. "आम्ही म्हणजे कोण?"

"आमचा गट. सगळे विद्यार्थी. सांगाडा आम्हीच जोडणार, मोटर आम्हीच बसवणार, बॅटरीचा डबासुद्धा आम्हीच बांधणार. आणि विजेची सगळी जबाबदारी माझ्याकडे आहे!"

काका मनात हिशोब करू लागले. ज्यांना स्वतःचं अंथरूण आवरता येत नाही अशी पोरं बॅटरीचा डबा बांधणार, आणि त्यात हात कुणाचा, तर आपल्या लेकीचा! भिंतीतली वीज निदान बटण दाबून मरते. बॅटरीला मरण नाही, ती डब्यात बसून वाट बघत असते. त्यांनी विचारलं, "दाब किती?" भिंगरीने आकडा सांगितला. काका पाणी प्यायले आणि पुढे जेवलेच नाहीत.

त्यानंतर घरात चौकशी आयोगच बसला. बोटाला पट्टी का? केसांना जळका वास का? हा कप्तान म्हणवणारा पोरगा कोण? आणि तो दुसरा, ज्याला तुम्ही बत्ती म्हणता, तो कोण? भिंगरी न चिडता सांगायची. कप्तान म्हणजे गटाचा प्रमुख, फार घाई करतो पण मनाने चांगला. बत्तीकडे गाडीतले सगळे दिवे आणि इशारे असतात म्हणून तो बत्ती. गाडी सुरू आहे, बंद आहे, बॅटरीचा प्रवाह बाहेर आलाय, हे सगळं त्या दिव्यांवरून कळतं. "तो माझा सगळ्यात जवळचा मित्र आहे," ती म्हणाली, तेव्हा काकांनी बायकोकडे पाहिलं, आणि बायकोने छताकडे.

गाडी आकाराला आली तेव्हा गटाने घरच्या माणसांना बघायला बोलावलं. काका इस्त्रीचा शर्ट घालून गेले. टेस्टर अर्थातच खिशाला.

वर्कशॉप लांबलचक होतं. एका बाजूला लेथ आणि ड्रिल, दुसऱ्या बाजूला भिंतीवर काळ्या रंगाने हत्यारांच्या आकृत्या काढलेल्या. प्रत्येक पाना आपल्या आकृतीवरच टांगलेला. मधोमध लाकडी घोड्यांवर ती गाडी. बुटकी, लांब नाकाची, चाकं उघडी. बसायची जागा इतकी अरुंद की काकांना वाटलं, आत जाणाऱ्याला बूट घालायच्या पट्टीने बसवत असतील. आडवंतिडवं कुठेच काही नाही, तारा एका रांगेत बांधलेल्या, जाड तारा वेगळ्या रंगाच्या. काकांनी वाकून, गुडघे टेकून, पाठीवर पडून सगळं बघितलं आणि दोष सापडला नाही म्हणून त्यांचा संशय आणखी वाढला.

मग भिंगरीने सगळ्यांना एक गोष्ट दाखवली. गाडीच्या मागच्या अंगाला मुठीएवढा एक नारंगी प्लग बसवलेला होता. तिने खटका दाबून तो उपसला.

"हा काढला की बॅटरीची वाट तुटते," ती म्हणाली. "याचं कागदावरचं नाव लांबलचक आहे. आम्ही नुसतं नारंगी म्हणतो. गाडीत हात घालायच्या आधी ही काढायची आणि खिशात ठेवायची. आणि मोठ्याने विचारायचं, नारंगी कुठे? ज्याच्याकडे असेल तो ओरडतो, खिशात! मगच हात आत. हे मी बाबांकडून शिकले. आमच्या घरी खिशात फ्यूज असायचे."

सगळे काकांकडे बघून हसले, कुणीतरी टाळ्या वाजवल्या. काकांना खरं तर फार बरं वाटलं. डोळे भरून आले की काय, म्हणून त्यांनी चष्मा पुसला. पण बरं वाटलेलं त्यांच्याकडे फार वेळ टिकत नसे.

पाहुण्यांना बघायला म्हणून ती नारंगी हातोहात फिरली आणि शेवटी कप्तानने ती बाकावर ठेवली. थोड्या वेळाने भिंगरी कुणाला तरी मोटर दाखवत होती. आत हात घालण्याआधी तिने विचारलं, "नारंगी कुठे?"

कप्तान पाठमोरा होता, कुणाच्या तरी आईला चहाचा कप देत होता. तो मान न वळवता म्हणाला, "खिशात!"

नारंगी बाकावर होती. काकांच्या समोर, हाताच्या अंतरावर.

काकांच्या कानात जुना आवाज घुमला, बंद आहे, बंद आहे. तसं पाहिलं तर धोका काहीच नव्हता. प्लग गाडीच्या बाहेर होता, गाडीची वीज तोडणारं लाल बटणही दाबलेलं होतं. भिंगरीने आत हात घालण्याआधी मीटर लावून पाहिलंसुद्धा. पण पोरं तोंडाने बोलत होती. खिशाला हात न लावता खिशात म्हणत होती. काकांनी इकडेतिकडे पाहिलं, नारंगी उचलली आणि पँटच्या खिशात टाकली. आता शोधाशोध होऊ दे, मग समोर ठेवू आणि चांगली खरडपट्टी काढू, असा त्यांचा बेत होता.

शोधाशोध झालीच नाही. गटाला मार्गदर्शन करणाऱ्या सरांनी दोन शब्द बोलायला घेतले, ते दोनशे झाले. मग फोटो, मग निरोप. घरी पोहोचल्यावर काकांनी खिशात हात घातला आणि तो तसाच राहिला.

परत द्यायला काय हरकत होती? काहीच नव्हती. पण काकांच्या डोक्यात एक वेगळंच चक्र फिरायला लागलं. नारंगी नाही म्हणजे गाडी नाही. गाडी नाही म्हणजे लेकीचा हात सुरक्षित. शर्यतीची तारीख निघून जाईल, पोरं अभ्यासाला लागतील. त्यांनी नारंगी खिशातच ठेवली, आणि उभ्या जन्मात पहिल्यांदा स्वतःची पँट स्वतः धुवायला घेतली.

बायकोचे डोळे बारीक झाले. "तंबाखू पुन्हा सुरू केलीत ना?"

"नाही गं."

"मग खिसा का लपवताय?"

"कोण लपवतंय?"

"कितीही धुवा," ती म्हणाली. "आज ना उद्या सापडेलच."

इकडे वर्कशॉपमध्ये नारंगीसाठी सगळं पालथं घातलं गेलं. भिंगरी उतरलेल्या चेहऱ्याने घरी आली आणि ताटावर बसून आईला सांगू लागली. नारंगी तिच्या जबाबदारीत होती. नवी बाहेरून मागवावी लागते आणि ती यायला कितीतरी आठवडे लागतात. येत्या दिवसांत गाडी चालवून दाखवली नाही तर स्पर्धेतून नाव कटणार.

"आणि तुला सांगते आई, आज कप्तान काय म्हणाला माहितीये? म्हणाला, घरचे लोक येऊन गेल्यापासून नारंगी नाही, तुझे बाबा सारखे तिथेच घुटमळत होते. मी त्याला असा झापलाय! म्हटलं, माझे बाबा दुसऱ्याच्या खिळ्यालासुद्धा हात लावणार नाहीत. पुन्हा त्यांचं नाव काढलंस तर गट सोडून जाईन."

काका समोरच बसले होते. खिशातला प्लग मांडीला टोचत होता. आत्ता सांगावं, असं त्यांना वाटलं. पण तोंड उघडलं तेव्हा त्यातून भलतंच बाहेर पडलं.

"तो बत्ती कसा पोरगा आहे?"

"म्हणजे?"

"नाही, सहज. जवळचा मित्र म्हणतेस. पण विजेची जबाबदारी तुला मिळाली, त्याला नाही. माणसाच्या मनात काय असतं, कुणाला दिसतं?"

भिंगरीचा हात ताटातच थांबला. तिने नाही नाही म्हणत मान हलवली. पण बाबा म्हणाले होते. काकांनी पाहिलं की आपण लावलेली काडी पेटली, आणि स्वतःची इतकी शरम त्यांना कधीच वाटली नव्हती. तरीही ते गप्प बसले. हा माणूस लोकांना आयुष्यभर पारखत आला, आणि स्वतः असा खोटा निघाला.

भिंगरी आणि बत्ती यांचं बोलणं बंद झालं. तिने त्याला तोंडावर काही विचारलं नाही, पण त्याच्या कपाटाकडे, त्याच्या पिशवीकडे ती ज्या नजरेने बघायला लागली, ती त्याला कळली. ती नजर तिने घरातूनच उचललेली होती. एकमेकांचे उरलेसुरले डबे खाणारी ती दोघं आता गाडीच्या दोन टोकांना पाठ करून बसत. कामापुरतं बोलत, तेही गाडीशी बोलल्यासारखं.

आणि मग एका संध्याकाळी भिंगरी थोडी खुलून घरी आली. "बाबा, मार्ग निघाला. उद्या सकाळी गाडी चालवून दाखवतोय."

काकांनी लगेच विचारलं, "नारंगी मिळाली?"

"मिळते कुठली! त्या जागी तांब्याची पट्टी बसवली. फक्त उद्याच्यापुरती. स्पर्धेला नवी नारंगी येईलच. मला पटत नव्हतं, पण कप्तान म्हणतो, लाल बटण आहे ना. ते दाबलं की सगळं बंद."

"आणि पट्टी काढायची तर?"

"बोल्ट आहेत. पाना लावायचा."

म्हणजे खिशात घालायला आता काही उरलंच नव्हतं. काका खिडकीपाशी जाऊन उभे राहिले. लाल बटण दाबलं की बंद, हे खरं. पण दाबलेलं बटण कुणीही फिरवलं की पुन्हा वर येतं. ते खिशात घालून नेता येत नाही. ज्या एका गोष्टीच्या भीतीने त्यांनी ती चोरी केली, नेमकी तीच गोष्ट त्यांच्या चोरीने घडवून आणली होती. पोरांचा नियम चांगला होता. आपल्यापेक्षा चांगला, कारण आपण कधी कुणाला ओरडून विचारलं नव्हतं. तो नियम आपण खिशात घालून घरी आणला.

सकाळी ते रजा टाकून विद्यापीठात पोहोचले. नारंगी कुठेतरी बाकाखाली सरकवायची, मग "अरे, ही काय!" असं म्हणायचं, म्हणजे सगळ्यांचीच सुटका, असा त्यांचा बेत होता. काकांचे बेत कसे असतात ते आपण पाहिलंच आहे. वर्कशॉप आरशासारखं झाडून ठेवलेलं होतं. बाकाखाली धुळीचा कणही नव्हता, आणि शिवाय कप्तान त्यांच्या पाठीपाठी फिरत होता.

"या ना काका, काही हवंय का?"

"छे छे. बघतोय नुसता."

"बघा की," कप्तान म्हणाला आणि काकांच्या हातांकडे बघत राहिला.

पोरांनी गाडी ढकलत मागच्या आवारात नेली. उंबऱ्यावर तिला जोराचा दणका बसला. आवारात रबरी शंकू मांडून वाट आखली होती. हेल्मेट घातलेली एक मुलगी, गाडी चालवणारी, बाजूला उभी राहून मनगटं सैल करत होती. सर छत्रीच्या सावलीत खुर्ची टाकून बसले होते. बत्ती पुढच्या बाजूला चालकाच्या जागेपाशी वाकला होता, भिंगरी मागे मोटरपाशी. दोघांच्या मध्ये सीटची उंच पाठ आणि तिच्यामागचा पत्रा. एकमेकांना एकमेकांचे हात दिसणं शक्य नव्हतं.

"दणक्याने एक तार सुटलीये," भिंगरी म्हणाली. "घट्ट करते."

तिने मीटर लावला. शून्य. ते शून्य खरंच होतं, लाल बटण दाबलेलं होतं तोवर. स्क्रू इतका बारीक की जाड हातमोज्यात सापडेना, म्हणून तिने उजव्या हाताचा मोजा काढला. मग कित्येक महिन्यांची सवय तिच्या तोंडून आपोआप बाहेर पडली.

"नारंगी कुठे?"

आणि पुढून, तिच्याकडे न बघता, तुटक आवाजात, बत्तीच्या तोंडूनही तीच सवय बाहेर पडली.

"खिशात!"

भिंगरीने हात आत घातला.

नारंगी खिशात असली की बत्तीचं काम ठरलेलं असे. लाल बटण फिरवून सोडायचं, कळ दाबायची, दिवे लागतात का ते बघायचं. नारंगी बाहेर असल्यावर त्यात काहीच धोका नसायचा, म्हणून तिकडे भिंगरीचं काम चालू असताना इकडे तो दिवे तपासून घ्यायचा. इतक्या वेळा केलेलं काम हात स्वतःच करतात, डोक्याला विचारत नाहीत. काकांनी बाजूला उभं राहून बत्तीचा हात लाल बटणावर जाताना पाहिला. बोटं बटणाभोवती आवळली.

"खोटं!" काका किंचाळले. "खोटं आहे! हात काढ भिंगरे! नारंगी माझ्या खिशात आहे!"

आवारातलं सगळं थांबलं. भिंगरीने विस्तवातून काढावा तसा हात मागे घेतला. बत्तीने बटणावरून बोटं उचलली, आपण काय करायला निघालो होतो हे त्याच्या ध्यानात आलं, आणि तो मटकन खाली बसला. काका खिशात हात घालून ओढत होते. प्लग अस्तरात अडकला होता, येता येईना. शेवटी टर्रकन खिसा फाटला आणि नारंगी त्यांच्या हातात आली.

"मीच घेतली होती," ते म्हणाले. "त्या दिवशी. बाकावरून. या पोराने नाही. कुणीच नाही. मीच."

सर खुर्चीवरून उठले. भिंगरी चालत आली. तिचा चेहरा पांढरा पडला होता. तिने बापाच्या हातातून नारंगी घेतली, उलटसुलट करून बघितली, स्वतःच्या खिशात घातली आणि वरून हात दाबून खात्री केली. ती आधी बत्तीपाशी गेली, त्याच्या शेजारी जमिनीवर बसली आणि रडायला लागली.

पट्टी निघाली, तार घट्ट झाली, नारंगी आपल्या जागी बसली, आणि गाडी धावली. काकांना ती सुरू झालेली कळलीच नाही. आवाज नाही, धूर नाही, त्यांना वाटलं अजून काहीतरी अडलंय. तोवर ती समोरून शिट्टीसारखी निघूनही गेली होती. सगळी पोरं ओरडत पळाली. काका फाटका खिसा हाताने धरून एकटेच उभे राहिले.

त्यांनी बत्तीची माफी मागितली. तोंडाने मागणं सोपं नव्हतं, पण मागितली. बत्ती म्हणाला, "काका, तुम्ही ओरडला नसता तर..." काका म्हणाले, "मी घेतलीच नसती, तर ओरडावं लागलं नसतं रे." घरी बायकोने फाटका खिसा शिवला. सगळं ऐकून घेतलं, दोरा दाताने तोडला आणि म्हणाली, "यापेक्षा तंबाखू परवडली असती."

भिंगरी मात्र आपणहून बोलत नव्हती. ती उलट उत्तर देत नव्हती, आदळआपट करत नव्हती. "जेवलीस का?" विचारलं तर "हो" म्हणायची. पण काका काही म्हणाले की ती आईकडे बघायची, खरंच का, अशा नजरेने. काकांनी ती नजर जगभरच्या माणसांवर वापरली होती. आपल्यावर पडल्यावर ती कुठे लागते, ते त्यांना आता कळलं.

गट स्पर्धेला निघाला त्या दिवशी पुन्हा घरच्यांना बोलावणं आलं. काका जाणार नव्हते. बायकोने शर्ट पुढे केला, म्हणून गेले. वर्कशॉपच्या दारात भिंगरी उभी होती. तिने आईला आत सोडलं आणि बापासमोर हात आडवा धरला.

"हात वर करा, बाबा."

आतल्या पोरांना वाटलं गंमत आहे, ती हसली. काकाही हसायला गेले. "काही नाही गं माझ्याकडे. शपथ."

"तोंडाने नाही," भिंगरी म्हणाली.

काकांनी हात वर केले. तिने आधी शर्टाचा खिसा बघितला, टेस्टर काढून कप्तानकडे दिला. मग पँटचा डावा खिसा. मग उजवा, तो शिवलेला. त्या शिवणीवरून तिची बोटं सावकाश फिरली, जणू आत अजून काही उरलंय का ते बघत. मागचे खिसेही तिने सोडले नाहीत. पोरांचं हसणं हळूहळू थांबलं, कारण ही झडती लुटुपुटूची नव्हती. आपण शिकवलं ते पोरीला पक्कं आलं, याचा त्यांना अभिमान वाटत होता. आणि बाबा म्हणाले म्हणजे तसंच, असं म्हणणारं जगातलं एकुलतं एक माणूस आपण गमावलं, हेही त्यांना कळत होतं. दोन्ही एकदमच कळत होतं.

भिंगरीने सगळे खिसे तपासून झाल्यावर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. त्यांनी हात खाली घेतले नाहीत.